रिपोर्टमध्ये चार शेरे आहेत. हा पोनी घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका कुटुंबाला अकरा वर्षांच्या मुलीसाठी पोनी घ्यायचा आहे. मुलगी दोन वर्षं रायडिंग शिकते आहे, वजन 32 किलो. पोनी 13 हँड उंचीचा (एक हँड म्हणजे चार इंच), खच्ची केलेला, आणि तो नवी मुंबईतल्या एका तबेल्यात ठेवणार आहेत. जानेवारीत डॉक्टरांकडून तपासणी झाली. रिपोर्टमध्ये चार शेरे आहेत: हृदयात हलका आवाज, सहापैकी दुसऱ्या दर्जाचा, डावा पुढचा पाय मुडपून धरल्यानंतर काही पावलं पाय चोरतो आणि कडक जमिनीवर डावीकडे वळताना पाऊल आखूड टाकतो, दातांवरून वय 13 ते 15, विकणारा मात्र 9 सांगतो, आणि पुढच्या दोन्ही खुरांवर टाचेकडे रुंद होत जाणाऱ्या वळ्या, त्यातली ठळक वळी केसांच्या कडेपासून 4 सेंटिमीटर खाली. शेवटी "निर्णय खरेदीदाराने स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा" असं लिहिलं आहे. वडिलांना हृदयाच्या आवाजाची धास्ती आहे. विकणारा किंमत कमी करायला तयार आहे.

माझं मत आधी सांगतो: आत्ता पैसे देऊ नका, पण पोनीवर काटही मारू नका. तुम्हाला ज्याची भीती वाटते तो हृदयाचा आवाज या चारांतला बहुधा सगळ्यात किरकोळ शेरा आहे. खरी गोष्ट सगळ्यात शेवटी, एका ओळीत लिहिली आहे: खुरांवरच्या वळ्या. आणि दुसरा शेरा, तो पाय चोरण्याचा, या वळ्यांपासून वेगळा काढून वाचू नका.

डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्यावर रागावू नका. घोड्याची तपासणी म्हणजे पास-नापासाची परीक्षा नव्हे. त्या दिवशी, त्या जनावरात, जे दिसलं, ऐकू आलं आणि हाताला लागलं, ते डॉक्टर लिहितात. कोणतं काम, कोणता स्वार, कोणती जमीन, किती वर्षं, हे तुम्ही सांगितलं तरच त्या शेऱ्यांना अर्थ येतो. म्हणून पुन्हा भेटाल तेव्हा "घेऊ का?" असं विचारू नका. विचारा, "32 किलोची मुलगी आठवड्यातून चार दिवस, पाऊण-पाऊण तास, दुडकी आणि हलकी दौड करणार, छोटे अडथळे ओलांडणार. या कामाला यातला कोणता शेरा आड येईल?" डॉक्टर विकणाऱ्याचे नेहमीचे नसावेत, हे तर पहिलंच.

आता वळ्यांकडे या. निरोगी घोड्याच्या खुरावरही वळ्या असतात. चारा बदलला, ऋतू बदलला, ताप येऊन गेला की खुराच्या वाढीत फरक पडतो आणि एक वळी उमटते. अशी वळी केसांच्या कडेला समांतर जाते, पुढून टाचेपर्यंत अंतर तेवढंच. लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज, होऊन गेलेल्या खुराची वळी वेगळी असते: पुढच्या बाजूला वळ्या दाटीने आणि टाचेकडे जाताना त्यांच्यातलं अंतर पंख्यासारखं पसरत जातं. कारण सरळ आहे. खुराची भिंत आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारे नाजूक पदर सुजले की पुढच्या बाजूची वाढ खुंटते आणि टाच आपली नेहमीच्या वेगाने वाढत राहते. तुमच्या रिपोर्टमध्ये "टाचेकडे रुंद" असं स्पष्ट लिहिलं आहे. डॉक्टरांनी तो शब्द उगाच घातलेला नाही.

खूर हे एका अर्थी जनावराचं वहीखातं असतं. पुढच्या बाजूने ते महिन्याला साधारण 7 ते 10 मिलिमीटर वाढतं. 4 सेंटिमीटर खाली असलेली वळी म्हणजे चार ते सहा महिन्यांपूर्वीची. जानेवारीतून मागे मोजा: जुलैअखेर ते सप्टेंबर. ऐन पावसाळा. कोवळं हिरवं गवत मुबलक, चिखलामुळे फिरवणं बंद, आणि वर भिजवलेले हरभरे आणि गूळ नेहमीप्रमाणे चालूच. पोनी जातीने काटक असतो, थोडक्यात भागवणारा, म्हणून जास्त खाणं त्यालाच आधी बाधतं. विकणाऱ्याला नेमकं विचारा: "गेल्या श्रावणात हा काही दिवस उभाच राहत होता का, पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन? नालबंदाने काही म्हटलं होतं का?" सईसालाही वेगळं विचारा, मालक समोर नसताना. सईस रोज खूर हातात घेतो, त्याला आठवतं.

स्वतः पाहण्यासारखंही बरंच आहे. मानेचा वरचा कणा, आयाळीखालचा भाग, दोन्ही हातांनी धरून हलवून पाहा. निरोगी मान मऊ असते आणि डावीउजवीकडे वळते. तिथे रबरासारखी घट्ट चरबीची वळकटी लागली, शेपटीच्या मुळाशी आणि खांद्यामागे चरबीच्या गाठी लागल्या, तर पोनीची प्रकृती लॅमिनायटिसला पोषक आहे असं धरा. बाकी अंग सडपातळ असलं तरीही. विकायला काढण्याआधी दोन महिने खाणं कमी करून पोट उतरवता येतं, पण मानेवरची वळकटी लवकर जात नाही.

दुसरी गोष्ट, नाडी. घोट्याच्या सांध्याच्या मागच्या कडेला, बाहेरच्या बाजूने, अंगठा आणि बोट हलके टेकवा. तिथे दोरीसारखं काहीतरी बोटाखालून सरकतं. शीर, धमनी आणि मज्जातंतू एकत्र जातात ते. निरोगी, विश्रांतीतल्या पोनीत ठोका शोधावा लागतो, कधी लागतच नाही. तो हात ठेवताक्षणी ठणठण लागला, आणि चारही पायांत किंवा पुढच्या दोन्हींत लागला, तर खूर आतून पेटलेलं आहे. फक्त एकाच पायात लागला तर गळू, चुकीचा खिळा किंवा दगडाचा मार यांचाही विचार करावा लागतो. दाब कमी ठेवा. जोराने दाबलं की ठोका दबून जातो आणि "काही नाही" असं वाटतं. हे मुलीलाही शिकवा, दहा मिनिटांत येतं.

तिसरं, खूर उचलून तळवा. नालबंदाकडून ब्रशने धुऊन आणि चाकूने पातळ थर काढून घ्या. तळवा आणि भिंत जिथे जुळतात तिथे एक फिकट पिवळसर रेघ असते, तिला पांढरी रेघच म्हणतात. ती पुढच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरची, घट्ट असावी. रुंद, भुसभुशीत, मधूनमधून लालसर ठिपके असलेली असेल तर ते जुन्या रक्तस्रावाचे डाग आहेत. तळवा वाटीसारखा खोलगट असावा. सपाट किंवा बाहेर फुगलेला असेल तर तिथेच थांबा.

आता पाय चोरण्याचं. सांधा मुडपून मिनिटभर धरून ठेवायचा आणि सोडताच पोनीला दुडक्या चालीने पळवायचं, अशी ही चाचणी असते. 13-14 वर्षांच्या जनावराने पहिली दोन-तीन पावलं अडखळत टाकणं नवलाचं नाही, त्याने वर्षानुवर्षं पाठीवर ओझं वाहिलेलं असतं. दोन्ही पायांत सारखं अडखळणं फारसं सांगत नाही, एकाच पायात दिसलं तर लक्ष द्यायचं. शिवाय धरणाऱ्याने किती जोर लावला यावरही निकाल बदलतो. एवढाच शेरा असता तर मी म्हटलं असतं, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा करा आणि तसाच निघाला तर या हलक्या कामाला चालून जाईल.

पण पुढचं वाक्य आहे: कडक जमिनीवर, डावीकडे वळताना, पाऊल आखूड. कडक जमिनीवर दुखणं वाढत असेल तर बोट खुराकडे जातं, मऊ वाळूत वाढत असेल तर स्नायुबंधांकडे. आतल्या बाजूला असणाऱ्या पायावर वळताना जास्त भार येतो, म्हणून डावीकडे वळताना डावा पाय बोलला. दोन्ही पुढच्या खुरांवर वळ्या आणि वळताना आखूड पाऊल, हे एकाच दुखण्याचे दोन साक्षीदार असू शकतात. उजवा पायही तसाच दुखत असेल, फक्त थोडा कमी, आणि दोन्ही दुखत असले की डोकं वरखाली होत नाही. लंगडं दिसत नाही, नुसती चाल जखडलेली दिसते. विकणारे त्याला "शांत पोनी आहे, मुलांसाठी बेस्ट" म्हणतात. एकदा त्याला डांबरी रस्त्यावर लगाम सैल धरून चालवत न्या आणि छोट्या वर्तुळात दोन्ही बाजूंना वळवा. पाय एकमेकांवरून ओलांडायला टाळाटाळ करतो का, तेवढंच पाहा.

हे सोडवायचा मार्ग म्हणजे एक्स-रे. दोन्ही पुढच्या खुरांचे, बाजूने घेतलेले. पोनीला दोन्ही पाय सारख्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर उभं करायचं आणि खुराच्या पुढच्या भिंतीवर मधोमध धातूची तार चिकटवायची. मग फिल्मवर भिंत आणि हाड यांची रेघ समांतर आहे की हाडाचं टोक खाली फिरलं आहे ते दिसतं. हाडाच्या टोकाखाली तळव्याची जाडीही मोजायला सांगा. साधारण 15 मिलिमीटर असेल तर चांगलं, 10 च्या खाली चिंतेचं. तार न लावता काढलेली फिल्म दिसायला सुबक असते, पण तिच्यावरून भिंतीचा कोन नीट मोजता येत नाही. ठाणे-नवी मुंबईत घोड्यांसाठी उभं राहून एक्स-रे काढणारी जागा शोधत बसू नका. महालक्ष्मी रेसकोर्सच्या घोड्यांवर काम करणाऱ्या डॉक्टरांकडे हातात धरायची मशीन असते, ती तबेल्यात आणता येते. नाहीतर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. एक्स-रेत जुना, सौम्य बदल दिसला आणि तरी शंका उरली तर डॉक्टर खूर सुन्न करणारं इंजेक्शन देऊन चाल पुन्हा पाहतात. चाल मोकळी झाली तर दुखणं खुरातच होतं.

सोबत रक्तातलं इन्शुलिन. पोनीला लॅमिनायटिस वारंवार होण्यामागे बहुतेक वेळा इन्शुलिनचा बिघाड असतो. नमुना द्यायच्या आधी डॉक्टरांनी लॅबशी बोलून घ्यावं, कारण माणसासाठी बनवलेल्या किटवर घोड्याचा आकडा नेहमी बरोबर येतोच असं नाही. वय पंधराच्या आसपास असेल आणि अंगावरचे केस लांब, न गळणारे असतील, तर मेंदूतल्या ग्रंथीच्या बिघाडासाठी एसीटीएच या संप्रेरकाची रक्ततपासणीही करून घ्या.

हृदयाचं आता लवकर संपवतो. दुसऱ्या दर्जाचा हलका आवाज अनेक धडधाकट घोड्यांत ऐकू येतो, रक्ताच्या वेगाने येतो तो. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: आवाज हृदय आकुंचन पावताना आहे की सैलावताना, व्यायामानंतर तो बदलला का, आणि ठोक्यांची लय सरळ आहे का. आकुंचनाचा, डावीकडचा, व्यायामानंतर कमी होणारा असेल तर सोडून द्या. सैलावतानाचा असेल, किंवा व्यायामानंतरही लय विस्कटलेली राहत असेल, तर इको केल्याशिवाय मुलीला बसवू नका. स्वार पाठीवर असताना घोडा कोसळणं ही गोष्ट दुर्मीळ आहे, पण ती होते.

वयाबद्दल. वरच्या कोपऱ्यातल्या दाताच्या बाहेरच्या बाजूला साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक तपकिरी उभी खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती दाताच्या निम्म्यापर्यंत येते, विसाव्याला टोकापर्यंत. यात दोन-तीन वर्षांची चूक होऊ शकते, म्हणून दातांचा पुढे आलेला कोन आणि चावण्याच्या पृष्ठभागाचा आकारही पाहतात. पण नऊ वर्षांच्या दाताला निम्मी खाच नसते. दलालांच्या हातून तीनदा विकलेल्या जनावराचं वय वाटेत कमी होत जातं, त्यामुळे हा माणूस खोटंच बोलतो असं मी म्हणणार नाही. त्याच्या तोंडून आलेली बाकीची माहितीही मात्र तपासूनच घ्या.

चौदा वर्षांचं वय हा दोष नाही. नवशिक्या मुलीला सात वर्षांच्या तरतरीत तट्टापेक्षा चौदा वर्षांचं, जग पाहिलेलं तट्टू कितीतरी चांगलं. हिशेब दुसरीकडे आहे. पोनीचं वजन काढा: छातीचा घेर 145 सेंटिमीटर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी 140 असेल, तर घेर गुणिले घेर गुणिले लांबी भागिले 11,900, म्हणजे 247 किलो. स्वार आणि खोगीर मिळून याच्या 20 टक्क्यांच्या वर जाऊ नये, 15 च्या आसपास असेल तर उत्तम. म्हणजे कमाल 49 किलो, त्यात खोगीर 6. उरले 43. तुमची मुलगी आज 32 ची आहे, तीन-चार वर्षांत ती तिथे पोचेल. पोनी तेव्हा सतरा-अठराचा असेल आणि आयुष्य पंचवीस-तीसपर्यंत. घेताना त्या पुढच्या दहा वर्षांचाही विचार करा. म्हातारं तट्टू पुन्हा दलालाच्या हाती गेलं की त्याचं काय होतं ते चांगलं नसतं.

किंमत कमी करून घ्यायच्या मोहात पडू नका. किंमत एकदाच द्यायची असते. तबेला, चारा, सईस, दर सहा आठवड्यांनी नालबंद, हे दर महिन्याचं आहे आणि ते आजारी जनावरालाही तेवढंच लागतं, उलट लॅमिनायटिसच्या पोनीला खास नालबंदी आणि वारंवार एक्स-रे म्हणजे जास्तच.

रिपोर्टमध्ये न दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टीही करून घ्या. तपासणीच्या दिवशी वेदनाशामक दिलेलं असेल तर चाल खोटी दिसते. ब्यूट या घोड्यांच्या नेहमीच्या वेदनाशामकाचा परिणाम काही दिवस राहतो. म्हणून दुसऱ्यांदा न कळवता, सकाळी जनावर बाहेर काढायच्या आधी जा, आणि डॉक्टरांना रक्त घेऊन सीरम गोठवून ठेवायला सांगा. विकणाऱ्यासमोर घ्या, एवढ्यानेच पुष्कळ गोष्टी बाहेर येतात. तोंड उघडून ओठांचे कोपरे, जीभ आणि दातांमधली मोकळी जागा पाहा. वरातीत वापरलेल्या घोड्यांना काटेरी लगाम लावतात. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या नियमांनी त्याला बंदी आहे, तरी तिथले पांढरे वण अजून सापडतात, आणि असं जनावर मुलाच्या हलक्या हातालाही डोकं झटकतं. ग्लँडर्सची तपासणी केल्याशिवाय जनावर हलवू नका. हा रोग माणसाला होतो, त्यावर लस नाही, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्याखाली कळवावा लागतो आणि बाधित घोड्याला मारावं लागतं. तुमच्या पोनीमुळे सगळा तबेला अडकेल. त्याच रक्तात संसर्गजन्य अ‍ॅनिमिया आणि सरा हेही करून घ्या. सरा हा रक्तातल्या परजीवीचा रोग, तो मोठ्या चावऱ्या माश्यांनी पसरतो आणि पावसाळ्यानंतर वाढतो. अंगावरचे भोवरे शुभ-अशुभ म्हणून नको, ओळख म्हणून नीट लिहून घ्या, ते आयुष्यभर बदलत नाहीत.

आता निर्णय. एक्स-रेत हाड फिरलेलं दिसलं किंवा तळवा पातळ निघाला, तर विषय सोडा, फुकट मिळाला तरी. एक्स-रे स्वच्छ आणि इन्शुलिन बरोबर, तर पोनी विकत नको, भाड्याने घ्या, दसऱ्यापर्यंत. जानेवारीच्या कोरड्या हवेत तपासलेला पोनी जून ते सप्टेंबरमध्ये कसा राहतो हे कुठलाच डॉक्टर आज सांगू शकणार नाही, आणि या पोनीची शंका नेमकी त्याच महिन्यांबद्दल आहे. मे महिन्यात दमट उकाड्यात घाम येतो का तेही कळेल. काही घोड्यांचा घाम आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत बंद होतो. वीस मिनिटं पळवून खोगिराखालची जागा कोरडीच राहिली आणि पंधरा मिनिटांनीही नाडी साठच्या खाली आली नाही, तर थांबवून डॉक्टरांना दाखवा.

भाडेकरारात उद्देश लिहा: अमुक वजनाच्या मुलीच्या रायडिंगसाठी. खाणं तुमच्या हातात राहील असं लिहा: रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे 4 ते 5 किलो सुकं गवत, हरभरा-गूळ बंद, हिरवं गवत मोजून, आणि शाळेतल्या मुलांनी बिस्किटं द्यायची नाहीत. खरेदीची किंमत आजच ठरवून टाका. आणि पहिल्या दिवशी दोन्ही पुढच्या खुरांचे बाजूने फोटो काढा, कॅमेरा जमिनीलगत, शेजारी फूटपट्टी उभी ठेवून. तसेच फोटो जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा सप्टेंबरअखेर. ती जुनी वळी तोवर खाली उतरून बहुधा कापलीही गेलेली असेल. केसांच्या कडेपासून खाली नवीन खूर गुळगुळीत आलेलं दिसलं तर दसऱ्याला व्यवहार पूर्ण करा.